वाढत्या अंगाची चारचाकी

आमच्या घरात मुलासाठी आणलेली वस्तू आणल्या दिवशी मुलाच्या मापाची कधीच नसते. दोन वर्षांनी तो ज्या मापाचा होईल असा घरातल्या वडीलधाऱ्यांचा अंदाज असतो, त्या मापाची ती असते. बूट आले की पुढे कापूस कोंबायचा. शाळेची पँट आली की खालून चार बोटं दुमड घालायची. माझ्या मुंजीत शिवलेला कोट मला बारावीच्या निरोप समारंभात अंगाला नेमका बसला, तोही त्या एका दिवसापुरता. दुसऱ्या दिवशी तो आखूड झाला. दुसरीत असताना मला २४ इंची सायकल मिळाली. दांड्याखालून पाय घालून मी ती कैची चालवत शाळेत जात असे. पुढे ज्या वर्षी सीटवर बसून माझे पाय पॅडलला टेकले, त्या वर्षी सायकल मोडीत निघाली.

रायपूरच्या मराठी घरांत ही रीत जरा जास्तच घट्ट आहे. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये छत्तीसगडचा कारभार बघायला रतनपूरला आले. त्यांच्या मागोमाग आलेल्या कारकुनांत आमचे मूळ पुरुष होते, असं वडील सांगत. पुरावा म्हणून ट्रंकेत एक अंगरखा आहे. तो घराण्यात अजून कोणालाही झालेला नाही. आम्ही वाट बघतोय.

अशा घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाने एके दिवशी क्वाड बाईक मागितली.

दोष अलिबागच्या आत्याचा. ती सुट्टीत त्याला नागावच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. तिथे फुगीर टायरांची, मोटरसायकलसारख्या हँडलची चारचाकी वाळूत फिरवायला देतात. चिरंजीव एक फेरी मारून आले आणि रायपूरला उतरल्या उतरल्या स्टेशनवरच त्यांनी जाहीर केलं, "बाबा, मला क्वाड पाहिजे. रिमोटची नाही. बसायची."

घरात सभा भरली. सौ. म्हणाली, "पडेल." आईने विचारलं, "ॲव्हरेज किती देते?" माझा मेहुणा, ज्याला प्रत्येक वस्तू स्वस्तात देणारा माणूस माहीत असतो, तो म्हणाला, "भाऊजी, उद्याच जाऊ. आपला माणूस आहे."

आपल्या माणसाचं दुकान जयस्तंभ चौकाच्या अलीकडच्या एका गल्लीत होतं. दारात बॅटरीवर चालणाऱ्या गुलाबी मोटारी आणि आत ओळीने क्वाड. दुकानदाराने मुलाकडे एक नजर टाकली आणि माझ्याकडे दोन.

"भैया, पचास सीसी तो दिखाऊंगा ही नहीं. छह महीने में छोटी पड़ जाएगी. बच्चा आज नौ का है, हमेशा नौ का थोड़ी रहेगा?"

मला भरून आलं. परक्या माणसाच्या तोंडून इतका शुद्ध मराठी विचार मी प्रथमच ऐकत होतो. आम्ही ५० वरून ७० कडे सरकलो. ७० ला त्याने तोंड वाकडं केलं. ९० बद्दल तो म्हणाला, "चलेगी, लेकिन दो साल." ११० समोर आम्ही चहा घेतला. १२५ पाशी पोहोचलो तोवर माझ्या मनात चिरंजीव इंजिनिअर झाले होते आणि त्याच गाडीवरून कॅम्पसमध्ये फिरत होते.

चिरंजीवांना १२५ वर चढवण्यात आलं. चढवावंच लागलं, कारण ते स्वतःहून चढेनात. पाय पावठ्यांच्या वर वीतभर लोंबत होते. हात हँडलला पुरावेत म्हणून ते टाकीवर पोटाने पालथे पडले होते, आणि तरीही ब्रेकची मूठ त्यांच्या बोटांच्या पलीकडेच होती.

"पैर का क्या है भैया, लटकने दीजिए. बढ़ जाएंगे."

"आणि तोवर ब्रेक कोण लावेल?" सौ.ने विचारलं.

दुकानदाराने हसून माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न बायका विचारतात, असं त्या हसण्यात होतं. मीही हसलो. सौ. हसली नाही. तिने गाडीला लटकवलेलं पुस्तक काढून पर्समध्ये टाकलं आणि आम्ही बाहेर पडलो.

ते पुस्तक हा आमच्या घरातल्या पुढच्या सगळ्या अशांततेचा उगम. सौ. शाळेत शिकवते. छापील कागद दिसला की ती त्यातले प्रश्न काढते. रात्री जेवताना ती म्हणाली, "अमेरिकेत या गाड्यांवर वयाच्या पाट्या असतात. सहाच्या पुढे, दहाच्या पुढे, बाराच्या पुढे. आणि पाटी आजच्या वयाची असते. पुढच्या वर्षीच्या नाही."

"अमेरिकेत लोकांकडे पैसे आहेत. दरवर्षी नवी घेतात."

"सहाच्या पुढची गाडी ताशी २४ किलोमीटरच्या वर जाऊच शकत नाही. शिवाय तिला वेग १६ वर बांधून ठेवायची सोय द्यावीच लागते. दहाच्या पुढची जाते ४८ पर्यंत, ती विकताना २४ वर बांधलेली असते. नऊच्या मुलाला कुठली?"

मी म्हणालो, "दहाची. नववं सरत आलंय."

इथे आई मदतीला धावली. "आणि मुंजीला वय गर्भापासून मोजतात. त्या हिशेबाने याला दहा पुरी होऊन गेली."

"आई, अमेरिकेत मुंजी होत नाहीत."

आईने ताटातली पोळी उलटी केली. हा तिचा निषेध असतो. सौ. थांबली नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची जी मोठी संघटना आहे, ती तर म्हणते की १६ च्या आतल्या मुलाने असल्या गाडीवर बसूच नये. हे ऐकून चिरंजीव रडले. मेहुणा म्हणाला, "डॉक्टर लोक काहीही सांगतात. मला साखर सोडायला सांगितली होती."

पुढची पायरी मापाची. पुस्तकात लिहिलं होतं की गाडीवर बसल्यावर कोपरं किंचित वाकलेली हवीत, हँडल पूर्ण वळवलं तरी दोन्ही हात पुरायला हवेत, बोटं ब्रेकवर पोहोचायला हवीत. पावठ्यांवर उभं राहिलं की बैठक आणि बसणाऱ्याचं बूड यांत तीन ते सहा इंच अंतर हवं. घरात क्वाड नव्हती. सोफ्याचा हात होता. त्याच्या दोन बाजूंना आईचे पाट ठेवून पावठे केले, समोर दोन खुर्च्यांवर आडवा झाडू बांधून हँडल केलं आणि सौ. फुटपट्टी घेऊन मागे उभी राहिली.

चिरंजीवांचं अंतर शून्य आलं. ते उभे आहेत की बसलेत हेच ठरेना. मग "मोठ्या माणसाचं किती येतं बघू" म्हणून मी चढलो. सोफ्याचा तो हात आता वेगळा, भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. मेहुण्याने दुसऱ्या हातावर प्रयोग करू नये म्हणून सौ. त्यावर स्वतः बसून राहिली. रात्री उशिरा, सगळे झोपायला गेल्यावर, आई त्या हातावर जरा टेकली होती. फुटपट्टी तिथेच पडली होती, म्हणून आई पाटांवर उठून उभी राहिली तेव्हा सौ.ने सहज मोजलं. पाच इंच. कोपरं वाकलेली. गुडघे तर तिचे गेली बारा वर्षं वाकलेलेच आहेत. पण त्या वेळी कोणी याची नोंद घेतली नाही.

दुसऱ्या दिवसापासून झुकण्याचा तास सुरू झाला. मुलांच्या बहुतेक क्वाडची मागची दोन चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडलेली असतात. मोटारीची आतली आणि बाहेरची चाकं वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरतात, तशी ती फिरत नाहीत. त्यामुळे हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाऊ बघते. वळताना चालवणाऱ्याने अंग आतल्या बाजूला टाकावं लागतं. ९० सीसीची गाडी सहज शंभर किलोच्या वर भरते आणि आमचे चिरंजीव सत्तावीस किलोचे. त्यांनी अंग टाकलं तर गाडीला ते कळणार तरी का, हा माझा प्रश्न सौ.ला फार आवडला. तिने तो माझ्याविरुद्ध वापरला. पण सराव सुरू राहिला. जेवताना "डावीकडे!" म्हटलं की चिरंजीव डावीकडे झुकत आणि आमटी उजवीकडे जाई. ऑटोतून जाताना घडी चौकाच्या वळणावर आम्ही तिघं एकदम झुकलो, तेव्हा ऑटोवाल्याने गाडी बाजूला घेऊन विचारलं, "भैया, किसी की तबीयत खराब है क्या?"

मग कायदा आला. तात्यापाऱ्यातले वकीलकाका आमच्या वडिलांचे स्नेही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"चाकं किती?"

"चार."

"मग तिथेच संपलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २५ सीसीपर्यंतचं वाहन मोटार वाहन धरत नाहीत. पण त्याला चाकं चारापेक्षा कमी हवीत."

"एक चाक काढलं तर?"

"तरी इंजिन २५ च्या आत आणावं लागेल."

सौ. पुस्तक मिटून म्हणाली, "आणि तीन चाकांची तर अमेरिकेत १९८८ पासून विक्रीच बंद आहे. मुळात १९७० मध्ये होंडाने ही गाडी काढली ती तीनच चाकांची. फार उलटायच्या. चौथं चाक सुझुकीने १९८२ मध्ये लावलं."

वकीलकाकांनी तिच्याकडे आदराने पाहिलं आणि माझ्याकडे दयेने. "सूनबाईंना वकील करायचं होतं रे. आता ऐक. अठराच्या आतल्या मुलाने सार्वजनिक जागी मोटार चालवायची नाही. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीची मोटरसायकल. तुझा नऊचा. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९ क आलं. मुलाने गुन्हा केला तर आत जातो बाप. तीन वर्षांपर्यंत. वर २५,००० दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही."

"क्वाडची तर नोंदणीच होत नाही म्हणतात," मेहुणा म्हणाला.

"मग रद्द कशी होणार, हा चांगला मुद्दा आहे. तो तू आतून मांड." काकांनी चष्मा खाली घेतला. "एकच वाट आहे. रस्त्यावर आणायची नाही. बंदिस्त आवारात फिरवा."

बंदिस्त आवार! घरी येताना आम्ही रायपूरकडे नव्या नजरेने पाहू लागलो. चौबे कॉलनीतलं आमचं अपार्टमेंट बंदिस्त आहे, पण त्याच्या पार्किंगमध्ये चेंडू टप्पा घेऊ शकत नाही, क्वाड कुठे वळणार? सेक्रेटरी म्हणाले, "गच्ची आहे की." मग त्यांनीच गच्चीच्या कठड्याची उंची आठवली आणि विषय बदलला. नवा रायपूरचे सहापदरी रस्ते इतके मोकळे असतात की अर्धं शहर तिथे मोटार शिकतं. पण कितीही मोकळा असला तरी तो रस्ताच, म्हणजे कलम १९९ क. उरली धानाची शेतं. छत्तीसगडला धान का कटोरा म्हणतात आणि या कटोऱ्यात दर पन्नास पावलांवर एक बांध असतो. बांधावर चढताना क्वाड उलटते हे पुस्तकात चित्रासकट होतं.

ही सगळी चर्चा आमचा चौकीदार फाटकापाशी ऐकत असे. तो अभनपूरकडचा. एकदा तो न राहवून म्हणाला, "साहेब, लइका ल गेड़ी बना देथंव."

आपली दिव्यांची अवस असते त्या दिवशी इथे हरेली असते. गावोगाव मुलं बांबूच्या उंच गेड्यांवर चढून चिखलातून फिरतात, ती थेट पोळ्यापर्यंत. पाय ठेवायला बांबूचाच एक तुकडा बांधलेला असतो, त्याला पउवा म्हणतात.

"आणि हा मोठा झाला की?"

"लइका बाढ़ही त पउवा ल ऊपर खसका देबो. पेट्रोल घलो नइ लागय."

मी त्या माणसाकडे बघत राहिलो. जगातल्या सगळ्या कंपन्यांनी सहा, दहा, बारा अशा पाट्या लावून जे साधलं नाही, ते याने दोरीची एक गाठ सोडून साधलं होतं. ऊबडखाबड जागेत चालणारं, मुलाबरोबर वाढणारं, शून्य सीसीचं वाहन. नोंदणी नको, लायसन्स नको, वकील नको. साहजिकच घरात ते कोणालाच पसंत पडलं नाही. ज्यात खर्च नाही त्यात मुलासाठी काही केल्याचं समाधान नसतं. शिवाय मंडळाच्या कार्यक्रमात "आम्ही याला गेडी घेतली" हे कसं सांगणार?

शेवटी मेहुण्याने त्याचा आणखी एक माणूस काढला. अभनपूर रस्त्याला त्याचं फार्महाऊस आहे, भोवती उंच भिंत, आत आमराई आणि त्याच्या मुलाची ९० सीसीची क्वाड. "आधी चालवून बघा, मग ठरवा." वेळ मात्र त्याने दिली मेच्या अखेरची. नवतपा, म्हणजे उन्हाच्या कहराचे नऊ दिवस, चालू होता. पारा ४५ ला टेकलेला. रायपुरात या दिवसांत दुपारी बारानंतर कुत्रीही फाटकाबाहेर येत नाहीत आणि पुस्तक म्हणत होतं : हेल्मेट, गॉगल, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट, घोट्याच्या वर येणारे बूट. बूट मी आणले होते, अर्थात दोन नंबर मोठे. हेल्मेटही मीच आणलं होतं. चिरंजीवांनी मान डावीकडे वळवली की हेल्मेट समोरच बघत राही. सौ.ने ते त्याच संध्याकाळी दुकानात परत केलं आणि मापाचं आणलं. घरात मापाची आलेली ती पहिली वस्तू. आई ते दोनदा हातात घेऊन म्हणाली, "पुढच्या वर्षी काय करणार मग?"

त्या दिवशी चिरंजीव शेवटी क्वाडवर बसले. फार्महाऊसवाला समजूतदार निघाला. त्याने ॲक्सिलरेटरजवळचा स्क्रू पिळून वेग बांधला. मग गाडीच्या मागे लावलेल्या दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. मोठ्या माणसाने ती ओढली की इंजिन बंद. लहान मुलांच्या अनेक गाड्यांना अशी सोय असते. फक्त दोरी हातात धरायची तर गाडीबरोबर पळावं लागतं, हे पुस्तकात कुठेही ठळक छापलेलं नव्हतं.

मी पळालो. ४५ अंशांत, आमराईत, चपला घालून. कंपनीने २४ वर बांधलेला वेग फार्महाऊसवाल्याने १० वर आणला होता, माझ्या धापेने तो ३ वर आणला. दर पंधरा पावलांवर मी मागे पडे, दोरी ताणली जाई आणि इंजिन बंद होई. चिरंजीव मागे वळून म्हणत, "बाबा, तुम्ही मुद्दाम करताय!" मेहुणा झाडाखाली आमपन्हं पीत ओरडे, "भाऊजी, वळणावर तुम्ही पण झुका!" मी झुकलो. झुकलो तो आंब्याच्या मुळाला अडकून पालथाच झालो. दोरी मात्र सोडली नाही, त्यामुळे गाडी बंद पडली आणि मुलगा सुखरूप राहिला. जगात कुठेही क्वाडचा अपघात झाला तर चालवणारा पडतो. आमच्याकडे इंजिन बंद करणारा पडला.

मला खाटेवर आडवं केलं. चिरंजीवांचं हेल्मेट काढलं तर आतून वाफ आली. तेही माझ्या शेजारी आडवे झाले. क्वाड सावलीत रिकामी उभी होती. सौ. पुस्तकातली यादी हातात धरून एकेका मुद्द्यावर खूण करत होती आणि चेहऱ्यावर तिच्या विलक्षण भाव आला.

"वय सोळाच्या वर. वजन बेताचं. बैठकीपासून अंतर पाच इंच. कोपरं वाकलेली, गुडघे वाकलेले. सूचना पूर्ण वाचणारी व्यक्ती. वेगाची हौस नाही." तिने मान वर केली. "आई, तुम्ही बसता का?"

आमच्या आईने तिच्या नोकरीचा बहुतेक काळ बुढापाऱ्यातल्या शाळेत लुनावरून जाऊन काढलाय. लुना १९७२ मध्ये बाजारात आली, ५० सीसी. आईने ती घेतली तेव्हा दुकानदाराने मोठी गाडी दाखवली होती म्हणे. आईने विचारलं होतं, "मला एकटीलाच जायचंय ना?" त्या लुनाला कधी कापूस कोंबावा लागला नाही की दुमड घालावी लागली नाही.

आईने पदर खोचला. हेल्मेट घातलं, ते तिला बरोबर बसलं. पावठ्यावर पाय ठेवून एकदा उभी राहिली, बसली, दोन्ही ब्रेक दाबून बघितले आणि निघाली. आंब्याच्या पहिल्या झाडाशी ती आत झुकली, इतकी बेताने की सौ.ने यादी खाली ठेवून टाळी वाजवली.

दुसऱ्या फेरीला चिरंजीव उठून तिच्या वाटेत जाऊन उभे राहिले. "आजी, मागे बसू?"

"एकाच माणसाची गाडी आहे ही. पुढे पाटीवर लिहिलंय, वाच."

"मग माझी पाळी कधी?"

"पाटीवर दहा लिहिलंय. दहावा वाढदिवस झाला की. मुंजीचा हिशेब इथे चालत नाही."

मी खाटेवरून कसाबसा उठलो. आई असली तरी जबाबदारी ती जबाबदारी. लंगडत जाऊन दोरीचं टोक पकडलं. आईने गाडी न थांबवता मान मागे वळवली.

"सोड ती दोरी. मला लायसन्स आहे."

"अगं, ते कधीच संपलंय!"

"वकील काय म्हणाले ऐकलं नाहीस का? बंदिस्त आवार आहे. सोड."